पाय गार आहे

त्या दिवशी सकाळी सात वाजायच्या आत आमच्या दारात सहा बैल बांधलेले होते आणि त्यांचे मालक एकमेकांवर खेकसत होते. धान्य वाहतुकीचा हंगाम, त्यात गेल्या साली रस्त्यावर नवी खडी पडलेली. खुरांच्या ज्या लोखंडी पत्र्या पूर्वी महिना-दीड महिना चालायच्या, त्या आता पंधरा दिवसांत झिजून कागद होत. पत्री गेलेला बैल खडीवर चार पावलं टाकून मटकन बसे. म्हणून सगळे एकदमच आमच्या दारात. बैलांच्या खुरांना पत्र्या मारणं हा आमच्या घराचा धंदा. आधी वडील, त्यांच्यामागं दादा, आणि दादाच्या हाताखाली मी. तेहेतीस वर्षांचा झालो तरी सगळे मला धाकट्याच म्हणतात. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं. धाकट्याला कुणी विचारत नाही, आणि काही चुकलंच तर मोठ्याचं चुकतं.

उभ्या बैलाला पत्री मारता येत नाही. त्याला आधी आडवा पाडावा लागतो. पायांत दोराचा फास घालायचा, एकानं शिंगं धरून मान वळवायची, दुसऱ्यानं कुशीला खांदा लावून दोर खेचायचा. नीट जमलं की बैल बसल्यासारखा हळूच कलंडतो. मग चारही पाय एकत्र बांधून काम सुरू. दादा हे इतकं अलगद करायचा की मालकांना वाटे, बैलाला झोपच लागली.

आणि खिळा हातात घ्यायच्या आधी खुराला हात लावायचा. तळवा नाही, पंज्याची मागची बाजू. खूर गरम लागला की समजायचं, आत काहीतरी आहे. खडा रुतलाय, पू धरलाय, सूज आहे. त्याला पत्री नाही. गार लागला की खूर निकोप, खुशाल ठोका. वडिलांनी मला हे शिकवलं तेव्हा मी त्यांच्या कमरेएवढा होतो. ते अंगात असं मुरलं होतं की वहिनी चेष्टा करायची, ‘‘भावजी, तुम्ही बायको बघायला जाल तेव्हा तिचे पाय आधी चाचपाल.’’

तिसरा बैल तांबडा होता, मोठ्या हाडाचा. त्याचा मालक गाडीवान. त्याला सगळे उतावळ्या म्हणत आणि त्याचा त्याला अभिमान होता. मी शिंगांशी होतो. दादा कुशीशी, दोर मनगटाला एक वेढा देऊन, उजवा पाय पुढं रोवून. त्याला अजून पाय मागं घ्यायचा होता. तेवढ्यात उतावळ्यानं बैलाची शेपटी पिरगाळून जोर लावला.

‘‘अरे थांब!’’ दादा ओरडला. बैल तोवर आला होता.

अख्खा बैल दादाच्या रोवलेल्या पायावर समोरून आला. गुडघा जिकडं कधी वाकत नाही तिकडं वाकला. मी शिंगांशी असल्यानं मला सगळं समोर दिसलं. जाड गोणपाट फाडावं तसा आवाज झाला. मग बैल स्वतःच घाबरून उठला, दोर घेऊन चार पावलं पळाला, आणि दादा धुळीत बसलेला दिसला. तो ओरडत नव्हता. आपल्या पायाकडं बघत होता.

पाय पायासारखा नव्हता. मांडी संपते तिथून नडगी सरळ खाली जायला हवी, ती पुढं सरकून वर आली होती. मध्ये पायरी पडली होती. गुडघ्याची वाटी कुठंतरी बाजूला गेलेली. उतावळ्या तोंडावर हात घेऊन ‘‘आई गं, आई गं,’’ करत होता.

‘‘धाकट्या,’’ दादा म्हणाला. आवाज अगदी बारीक. ‘‘टाच धर.’’

‘‘दादा, अरे...’’

‘‘टाच धर म्हणतो ना! सरळ ओढ. वासराचा ओढतोस तसा.’’

निखळलेले सांधे आम्ही जनावरांचे पुष्कळ बसवले होते. मी टाच धरली, दुसरा हात घोट्याला घातला. उतावळ्यानं मागून दादाच्या बगलांत हात घातले. मी ओढलं. दादाच्या गळ्याच्या शिरा सुतळीएवढ्या झाल्या. आधी काहीच होईना. मग खटकन नडगी आपल्या जागी गेली, वाटी मध्ये आली, आणि पाय पुन्हा पाय झाला.

दादानं डोळे मिटून श्वास सोडला. पायाची बोटं हलवून बघितली. हलली. ‘‘बसला,’’ तो म्हणाला.

काय सांगू, मला रडू आलं. उतावळ्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. ‘‘डॉक्टर काय करतो याच्यापेक्षा वेगळं?’’ तो म्हणाला. बाकीचे मालकही जमले होते. सगळे माझ्याकडं बघत होते. दादाकडं बघतात तसे. जन्मात पहिल्यांदा.

दादाला भिंतीशी टेकवून बसवला, पाय लांब करून खाली धान्याचं पोतं दिलं. गुडघा बघता बघता सुजला, तापला. त्यावर ओलं फडकं ठेवलं. वहिनी धावत आली. तिनं पाय बघितला, मग दादाचं तोंड बघितलं. ‘‘दवाखान्यात जायचं,’’ म्हणाली.

‘‘बसलाय तो,’’ दादा म्हणाला. ‘‘सूज चार दिवसांत उतरेल. दारात चार बैल आहेत.’’

‘‘बैल कुठं पळून जात नाहीत.’’

‘‘बैल नाही जात, मालक जातात. पलीकडच्या गावात परवाच एकानं दुकान मांडलंय.’’

ते खरं होतं. वहिनीनं गुडघ्यावरचं फडकं पुन्हा ओलं केलं. मी आणि उतावळ्यानं मिळून त्याचाच तांबडा पाडला. या खेपेला उतावळ्या माझ्या तोंडाकडं बघत होता, मी हं म्हटल्याशिवाय हात हलवत नव्हता. बांधलेला बैल आम्ही दादाच्या पुढ्यात सरकवला. दादा बसल्या जागेवरून खूर तासत होता, मी खिळे ठोकत होतो. मध्येच तो दात-ओठ आवळी, की परत तासणं चालू. मला वाटलं, काय माणूस आहे. आज वाटतं, काय मूर्ख माणसं होतो आम्ही.

बाराच्या सुमाराला वहिनी भाकरी घेऊन आली. बरोबर पाण्याचा तांब्या. दादाचे हात धुतले, मग पाय धुवायला बसली. दोन्ही पावलांवरून तिनं हात फिरवला आणि थांबली. पुन्हा डाव्यावरून फिरवला, पुन्हा उजव्यावरून.

‘‘हा पाय गार आहे,’’ ती म्हणाली.

‘‘पाणी लावलंस, गारच लागणार,’’ दादा म्हणाला.

‘‘दुसऱ्यालाही तेच पाणी लावलंय. भावजी, तुम्ही बघा.’’

मी हातोडी ठेवली. पंज्याची मागची बाजू दादाच्या पावलाला लावली. गार होता. घोट्यापासून बोटांपर्यंत चांगला गार. मग वर गुडघ्याला लावली, तिथं भट्टी. आणि मी हसलो. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही, पण मी मोठ्यानं हसलो.

‘‘वहिनी, पाय गार आहे म्हणजे देवाची कृपा समजा,’’ मी म्हणालो. ‘‘गरम असता तर रडायचं. ताप वर गुडघ्यात आहे, खाली उतरलेला नाही. खाली सगळं निकोप.’’

‘‘घ्या,’’ उतावळ्या म्हणाला. ‘‘वैद्यबुवा बोलले.’’

सगळे हसले. दादाही हसला. ‘‘इतकी वर्षं नालबंदाच्या घरात काढलीस,’’ तो तिला म्हणाला, ‘‘आणि गार-गरम कळत नाही होय गं?’’

वहिनी नाही हसली. तिनं दादाच्या त्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. मग स्वतःचं दाबलं आणि सोडलं. ‘‘माझं लगेच लाल होतंय,’’ ती म्हणाली. ‘‘ह्यांचं पांढरं ते पांढरंच राहतंय.’’

‘‘हातोडी किती वेळा पडलीय त्याच्यावर,’’ दादा म्हणाला. ‘‘ते नख मेलंय कधीच.’’

‘‘दुखतंय का पाऊल?’’

‘‘काही नाही. पाऊल अजिबात दुखत नाही. आहे की नाही तेही कळत नाही.’’

हे त्यानं सुख म्हणून सांगितलं आणि आम्ही सुख म्हणूनच ऐकलं. ती भाकरीचं फडकं घडी करत उभी राहिली. चार पुरुष तिच्याकडं बघत होते. मग ती आत गेली. पुढची दोन जनावरं आम्ही पाडली, तेव्हा ती दोनदा दारात येऊन उभी राहिली आणि दोनदा काही न बोलता परत गेली. मी बघितलं होतं. मी तिला हाक मारली नाही.

चारच्या पुढं दादाच्या हातातून तासणी पडली. मी उचलून दिली, ती पुन्हा पडली. त्याचं तोंड मातकट झालं होतं. ‘‘पोटरी,’’ तो म्हणाला. मी पोटरीला हात लावला. लाकूड. बोट रुतेना. ‘‘बोटं हलव,’’ मी म्हणालो. तो बोटांकडं बघत राहिला. कपाळावर आठ्या आल्या, जबडा आवळला, अख्खा माणूस जोर लावत होता. बोटं जागची हलली नाहीत. पावलावर निळे-जांभळे डाग उठले होते, जुन्या कपड्यावर डाग पडतात तसे.

मग तो ओरडला. सकाळपासूनचं सगळं ओरडणं तेव्हा एकदम बाहेर पडलं. दारातले बैल बिचकून दावी ओढायला लागले.

उतावळ्यानं गाडी जुंपली. एका बाजूला तांबडाच होता, नव्या पत्र्या मारलेला. त्या खडीवरून आम्ही दादाला मोठ्या रस्त्याला आणला, तिथून टेम्पो मिळाला. वहिनी दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पाय माझ्या मांडीवर होता. वाटेत तिनं मला एकच गोष्ट विचारली.

‘‘अजून गारच आहे का हो भावजी?’’

मी हो म्हणालो. ती बाहेर बघायला लागली.

मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा घड्याळात सहाला दहा कमी होते. डॉक्टरीणबाई वयानं माझ्यापेक्षा लहान असाव्यात. त्यांनी पावलावर दोन बोटं ठेवली, मग घोट्याच्या आत, मग गुडघ्यामागच्या खळगीत. एक पेनासारखं यंत्र आणून पावलावर फिरवलं. डाव्या पायाला लावलं तेव्हा त्यातून धाप लागल्यासारखा आवाज आला, सुं, सुं. उजव्याला लावलं तर नुसती खरखर.

‘‘किती वाजता लागलं?’’

‘‘सकाळी. आठ-साडेआठला.’’

त्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘‘गुडघा निखळला होता का?’’

‘‘हो. लगेच बसवला.’’

‘‘कुणी?’’

‘‘मी.’’

‘‘चांगला बसवलात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणूनच तर कुणाला शंका आली नाही.’’

मग मला बाजूला घेऊन त्यांनी स्वतःच्या गुडघ्यामागं हात लावून दाखवलं. इथून मांडीची मोठी रक्तवाहिनी खाली उतरते. गुडघ्याच्या वर आणि खाली ती जखडलेली असते, तिला हलायला जागा नसते. गुडघा असा निखळला की ती ताणून आतून फाटते. वरून काही दिसत नाही. हाडं जागेवर आली तरी ती जुळत नाही. पोटरी, घोटा, पाऊल, सगळ्यांना रक्त पोचवायला तीच. ‘‘सहा तास,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फार तर आठ. तेवढ्यात ती जोडली तर पाय वाचतो. पाय गार पडत होता तेव्हाच आणायला हवं होतं. गार पाय म्हणजे आत रक्त नाही. एवढी साधी गोष्ट. कुणाच्याच लक्षात आलं नाही?’’

मी मनात मोजलं. बारा वाजता चारच तास झाले होते. वहिनी पाय धूत होती तेव्हा चार तास. तेव्हा निघालो असतो तर दोनच्या आत या दारात आलो असतो. माझे कान बधिर झाले. डॉक्टरीणबाईंचे ओठ हलताना दिसत होते.

वहिनी माझ्यामागंच उभी होती. मी वाट बघत होतो. आता बोलेल. ‘मी सांगत होते, हे हसले.’ दोन वाक्यं. तिनं पदर सारखा केला.

‘‘नाही बाई,’’ ती म्हणाली. ‘‘आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.’’

दादाला सांगितलं की नस जोडायचा प्रयत्न करणार आहेत. त्यानं कागदावर अंगठा उठवला. मला म्हणाला, ‘‘उद्याचे बैल परवावर टाक.’’ आणि त्याला आत नेलं.

तासाभरातच दार उघडलं. डॉक्टरीणबाईंचा मास्क गळ्यात होता. पोटरी उघडून बघितली, त्या म्हणाल्या. मांस मेलंय. चिमटा लावला तरी आखडत नाही, रंग शिजवल्यासारखा झालाय. आता नस जोडली तर तेच विष अंगभर जाईल आणि माणूस जाईल. गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. सही लागेल.

‘‘काढावा म्हणजे?’’ मी विचारलं. मला खरंच कळलं नाही.

वहिनीला कळलं. तिनं कागद घेतला. तिला सही येते, चांगली येते, पण त्या दिवशी तिनं नावाची पहिली दोनच अक्षरं काढली आणि पेन माझ्या हातात दिलं. उरलेलं मी माझ्या नावानं पुरं केलं. तो कागद कसा चालला कुणास ठाऊक.

सकाळी वॉर्डातल्या शिपाईमामांनी मला हाक मारली. जिन्याखालच्या खोलीत त्यांनी एक गाठोडं दाखवलं. पांढऱ्या कापडात, वरून प्लास्टिक. ‘‘तुमच्या पेशंटचा,’’ ते म्हणाले. ‘‘नेणार, की आम्हीच सोय लावू?’’

मी धावत वर गेलो, वहिनीला विचारलं. ती दादाच्या उशाशी होती. दादा गुंगीत होता, अर्धवट जागा होई, पाणी मागे, परत झोपे. पायावर लोखंडी पिंजरा ठेवून वर चादर टाकली होती, त्यामुळं दोन्ही पाय सारखेच उंच दिसत होते. त्याला अजून काही कळलेलं नव्हतं.

‘‘त्यांचा आहे तो,’’ वहिनी हळूच म्हणाली. ‘‘कचऱ्यात नको. नीट पुरून या. तुम्ही येईपर्यंत मी ह्यांना सांगत नाही. दोघं मिळून सांगू.’’

पाय किती जड असतो हे मला माहीत नव्हतं. आपण जन्मभर त्यावर उभे राहतो, तो कधी उचलत नाही. मी दोन्ही हातांवर घेऊन गावाबाहेरच्या दफनभूमीपर्यंत चालत गेलो. लोक वाट देत होते. कापडाचा आकार बघून त्यांना वाटलं, तान्हं मूल आहे. एका बाईनं डोळ्याला पदर लावला.

खड्डे खणणारा म्हातारा कुदळ टेकून उभा होता. ‘‘वय काय?’’ त्यानं विचारलं.

‘‘चाळीस.’’

त्यानं गाठोड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याला वाटलं असणार, माझं डोकं फिरलंय. मी सांगितलं तेव्हा त्यानं कुदळ खाली ठेवली. ‘‘आणि माणूस?’’

‘‘आहे. दवाखान्यात.’’

‘‘मग एवढंसं तोंड करू नकोस,’’ तो म्हणाला. ‘‘इथं येणाऱ्यांत तू पहिलाच आहेस, परत जाऊन त्याच्याशी बोलणारा.’’

पण कुदळ त्यानंच चालवली. मी खणायला घेतलं होतं, माझा खड्डा आखूड झाला. दादा उंच होता. ठेवायला गेलो तर टाच काठावर अडली. पुन्हा वर काढावा लागला. तेव्हा कापड सुटलं आणि पाऊल दिसलं. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं. अंगठ्याचं नख दिसलं, तेच. मी तिथंच मातीत बसलो. म्हाताऱ्यानं खड्डा वीतभर वाढवला, पाय आत नीट निजवला आणि मला बगलेत धरून उठवलं.

परत आलो तेव्हा वहिनी औषध आणायला खाली गेली होती. दादा जागा होता. चांगला जागा. ओठ फुटले होते, पण डोळ्यांत ओळख होती.

‘‘कुठं होतास रे?’’ तो म्हणाला. ‘‘हाताला माती कसली?’’

‘‘पडलो,’’ मी म्हणालो.

‘‘तूही पडलास?’’ तो हसला. ‘‘ये, बस. पोटरीत गोळा आलाय बघ. केव्हाचा. ह्या लोकांना सांगतोय, कुणी ऐकत नाही. तू जरा दाब.’’

‘‘कुठल्या पोटरीत?’’

‘‘उजव्या, दुसऱ्या कुठल्या? दाब ना. जीव जातोय.’’

मला सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण त्याचं तोंड वेदनेनं असं वाकडं झालं होतं, आणि तो माझ्याकडं अशा भरवशानं बघत होता, की माझा हात आपोआप चादरीखाली गेला. पिंजऱ्याखाली हात घातला. तिथं गादी होती. मी गादी दाबली.

‘‘जोरात,’’ दादा म्हणाला.

मी जोरात दाबली. दोन्ही हातांनी. बोटांना गादीतला कापूस लागत होता.

‘‘हां. तिथंच. आता सुटतंय बघ.’’ त्यानं डोळे मिटले. त्याच्या कपाळावरच्या आठ्या खरोखरच सैल झाल्या. मी दाबत राहिलो. माझ्या डोळ्यांतलं पाणी चादरीवर पडत होतं. ते त्याला दिसू नये म्हणून मी मान खाली घातली होती.

वहिनी कधी आली मला कळलं नाही. तिचा हात माझ्या मनगटावर आला. ‘‘भावजी, काढा हात,’’ ती म्हणाली. मी काढेना. तिनं दोन्ही हातांनी धरून माझे हात चादरीबाहेर ओढले. मग ती दादाच्या तोंडाजवळ बसली, त्याचं तोंड स्वतःकडं वळवलं आणि सांगितलं. आडवळण नाही, प्रस्तावना नाही. पाय काढला. गुडघ्याच्या वरून. सही मी केली. आज सकाळी तो पुरला.

हात लांब करून दादानं चादरीवरून पिंजरा चाचपला, मग पिंजऱ्याच्या खाली, मग मांडी, मग मांडी जिथं संपली तिथलं बँडेज. तिथं त्याचा हात थांबला. तो मान वळवून माझ्याकडं बघायला लागला.

‘‘मग तू,’’ त्यानं विचारलं, ‘‘तू काय दाबत होतास रे?’’